आकाशी रंगाच्या विटा

मार्चच्या मध्यावर सकाळची शाळा सुरू झाली की निकेश झाडे सिंदीतल्या आपल्या घरून सव्वासहाला निघत असे. रेल्वे फाटकावर मालगाडी आडवी आली नाही, तर सहा किलोमीटरवरच्या शाळेच्या गावात पोचायला मोटारसायकलवर अठरा मिनिटे लागत. एप्रिलच्या पहिल्या सोमवारीही अठराच लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेचे फाटक त्याने सारले, ऑफिसचे कुलूप काढून नेहमीच्या दगडावर ठेवले आणि आतली खिडकी लोटून रात्रभर कोंडलेली उष्ण हवा बाहेर जाऊ दिली. आठवीच्या फळ्यावर तारीख लिहिली. हापशीवर हात-तोंड धुतले. मग विज्ञानाचे कपाट उघडून खिळ्याला टांगलेली दोन तापमापके उतरवली, रुमालाने पुसली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

एवढे झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की ती न्यायला आज कुणी येणार नाही.

नोव्हेंबरपासून शाळा भरण्याच्या दहा मिनिटे आधी आठवीतली मयुरी ती न्यायला येत असे. हापशीजवळ मुलांनी विटा आणि रेती यांची एक पेटी बांधली होती. एक तापमापक ती त्या पेटीत ठेवी, दुसरे बाहेर सावलीत धरी. पाच मिनिटे थांबून दोन्ही आकडे वहीत उतरवी, आणि मग अंकिता नावाच्या मैत्रिणीबरोबर झारीने पेटीवर पाणी शिंपडी. दुपारी दोनला पुन्हा तेच. सकाळची शाळा लागल्यावर तर दुपारच्या नोंदीसाठी ती घरून उन्हात परत येत असे. रविवार नाही, सण नाही, एकदा अंगात ताप असतानाही नागा नाही.

निकेशने खिडकीतून पाहिले. पेटी जागच्या जागी होती. सकाळच्या कोवळ्या उजेडात तिचा आकाशी रंग चकचकत होता आणि त्यावर पांढऱ्या, घोटीव अक्षरांत लिहिले होते : ‘आमची थंड पेटी – विद्यार्थ्यांचा पुढाकार’. अक्षर त्याचेच होते. तालुक्यात फलकलेखनाची दोन बक्षिसे मिळवलेले अक्षर. त्याने खिडकीकडे पाठ केली आणि तापमापके पुन्हा खिळ्याला लावून टाकली.

पेटीची कल्पना मयुरीची होती. बाष्पीभवनाच्या पाठाला निकेशने माठाचे उदाहरण दिले. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते, असे सांगून तो फळा पुसायला वळला, तेव्हा मागून प्रश्न आला होता.

“सर, माठात पाणी थंड राह्यते, तं सांबार काऊन नाई राह्यणार?”

वर्ग हसला. हसला, कारण कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या त्या गावात निम्म्या घरांचा दिवस सांबाराच्या जुड्या बांधण्यात जात होता. मयुरीची आई मनकर्णा अर्ध्या एकरात मेथी, पालक आणि सांबार करी आणि सिंदीच्या बाजारात विकायला बसे. संध्याकाळी उरलेला माल ऑटोत परत येई, आणि सकाळपर्यंत माना टाकी. मग तो गाईपुढे तरी जायचा, नाही तर पडत्या भावाने. त्या प्रश्नामागे हे सगळे होते, हे निकेशला हसू ओसरल्यावर कळले. त्याने जुन्या कागदांतून कृषी विद्यापीठाची एक पुस्तिका शोधून आणली. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत ओली रेती, वर भिजवलेले पोते. बस्स, एवढेच. शाळेच्या पडक्या खोलीच्या विटा मुलांनी उचलून आणल्या, नाल्यातली रेती पाट्यांनी वाहिली आणि एका शनिवारी पेटी उभी केली. एक कोपरा वाकडा झाला, तो तसाच राहिला. पण फेब्रुवारीच्या दुपारी बाहेर चौतीस अंश असताना आत बावीस असत. संध्याकाळी सात घरच्या बाया बाजारातून परतताना आपापल्या जुड्या पेटीत ठेवून जात आणि पहाटे ताज्या जुड्या घेऊन ऑटोत बसत.

ग्रामीण शाळांसाठी निधी देणाऱ्या नागपूरच्या एका प्रतिष्ठानाची सूचना शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली ती याच सुमाराला. निधी दोन होते. एक शाळेच्या इमारतीसाठी, आणि दुसरा, मुलांनी स्वतः सुचवलेल्या व स्वतः चालवलेल्या गावाच्या कामासाठी. दुसऱ्याचा अर्ज मुलांनीच, आपल्या हाताने लिहायचा होता. मयुरी आणि अंकिताने चार पाने लिहिली. गावात आणखी तीन पेट्या हव्यात, एक एस.टी.च्या थांब्यापाशी, म्हणजे शेजारच्या गावच्या बायांनाही ठेवता येईल, असे त्यात होते. निकेशने त्यातला एक शब्दही बदलला नाही. पुढे घडलेल्या गोष्टींत आपण काय काय केले हे तो आठवू लागला, की निर्मळ मनाने आठवावी अशी एवढी एकच गोष्ट हाताला लागे.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. ‘चार मार्चला आमच्या प्रतिनिधी येऊन प्रत्यक्ष पाहतील,’ असे कळले. आणि पाहुणे यायचे म्हटल्यावर शाळेने तेच केले, जे पाहुणे यायचे म्हटल्यावर प्रत्येक शाळा करते. आवार झाडले, पायऱ्यांना गेरू लावला, स्वागतगीत बसवले, शाल आणि श्रीफळ आणून ठेवले.

दोन मार्चला शाळा समितीचे अध्यक्ष भैय्याजी आले. त्यांचे सिंदीला रंगांचे आणि लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यांच्या गाडीवर ऑइलपेंटचे दोन डबे आणि सनमायका लावलेली प्लायवूडची एक नवी फळी होती.

“काय हो झाडे सर,” पेटीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, “नागपूरची मॅडम येऊन राह्यली, अन् तुमची पेटी अशी उघडीनागडी? वरतं फाटकं पोतं! लोक म्हणतीन, या गावच्या अध्यक्षाच्या दुकानात रंग नाई भेटत का काय! पैशाचं नका इचारू. पोरायचं काम हाय.”

ते मनापासून बोलत होते. आजवर शाळेला पंखे त्यांनी दिले होते, पंधरा ऑगस्टची जिलेबी दर वर्षी त्यांचीच असे. मुख्याध्यापक मधुकरराव कृतज्ञतेने मान हलवत उभे होते. डबे उघडले गेले. तेव्हा झारी हातात घेऊन उभी असलेली मयुरी हळूच पुढे आली.

“सर, तेलरंग लावला तं इटा कोंदतीन ना? मंग पाणी बाहेर निंघन कसं?”

“अवो बाई!” भैय्याजी खो खो हसले. “ही पोट्टी तं आपल्यालेच शिकवून राह्यली. इंजिनियर होशीन वं तू, लिहून देतो मी!”

सगळे हसले. मयुरी हसली नाही. ती निकेशकडे पाहत होती, कारण तो पाठ त्याने शिकवला होता. माठाला कुणी तेलरंग लावील का, हा प्रश्न त्यानेच वर्गात विचारला असता आणि चुकीचे उत्तर देणाऱ्याला उभे केले असते.

“बाहेरूनच तर लावून राह्यले, मयुरी,” तो म्हणाला. “आतली रेती ओली आहे ना? दोन दिवसांत काही होत नाही.”

काय होते, हे त्याला ठाऊक होते. पण देणाऱ्याचा हात मागे सारणे, तोही मुख्याध्यापकांसमोर आणि हसत्या चेहऱ्यांच्या घोळक्यात, त्याला जमले नाही. शिवाय रंग चढल्यावर पेटी खरोखर देखणी दिसू लागली, आणि झाडे सरांचे अक्षर चांगले म्हणून कुंचला त्याच्याच हाती आला. अक्षरे लिहिताना त्याला आनंदही झाला होता. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही.

जाताना त्याने मयुरीला बाजूला घेतले. “मॅडमसमोर रंगाचं काही काढू नको बरं. भैय्याजींनी मनानं दिला आहे. त्यांना वाईट वाटेल.”

“हो सर,” ती म्हणाली.

चार मार्चला दुपारी दोनला मॅडम आल्या. चाळिशीतल्या, साध्या सुती साडीतल्या बाई. शाल त्यांनी अवघडून घेतली, स्वागतगीत पुरे होईपर्यंत धीर धरला आणि मग थेट पेटीकडे गेल्या. सनमायकाची फळी उचलताच आतून कोंदट, उकडलेल्या पाल्याचा वास आला. मॅडमना दाखवायला सकाळी ठेवलेली मेथी पिवळी पडायला लागली होती. मॅडमनी पिशवीतून स्वतःचे तापमापक काढले. बाहेर छत्तीस. आत चौतीस.

त्यांनी वही मागितली. पाने चाळली. आठवड्यापूर्वीच्या पानावर बोट ठेवले : बाहेर पस्तीस, आत तेवीस.

“मयुरी, या नोंदी तू स्वतः घेतल्यास?”

“हो, मॅडम.”

“मग आज असं का झालं असेल? काय वाटतं तुला?”

मयुरीने निकेशकडे पाहिले. पुढे कितीतरी दिवस ती नजर त्याच्यासोबत राहिली. त्या नजरेत मदतीची याचना नव्हती. उत्तर तिच्यापाशी तयार होते. ती फक्त परवानगी मागत होती. एक मान हलवली असती, तर पुरले असते. शेजारी भैय्याजी हात जोडून उभे होते. निकेश खाली वाकला, दोन भिंतींमधल्या रेतीत त्याने बोट खुपसले आणि काहीतरी शोधत असल्यासारखा तो तिथेच वाकून राहिला.

“माहीत नाई, मॅडम,” मयुरी म्हणाली.

जवळजवळ महिन्याने, गेल्या शुक्रवारी, प्रतिष्ठानाचे पत्र आले. ई-मेलची छापील प्रत निकेशने न वाचताच वर्गात नेली, तेव्हा मयुरीच म्हणाली, “मी वाचू सर?” वर्गात सगळ्यांत स्पष्ट वाचन तिचे होते. ती उभी राहून वाचू लागली. कल्पना स्तुत्य आहे, मुलांचे अभिनंदन, यंदा निधी देणे शक्य होत नाही. पुढचे वाक्यही तिने त्याच सुरात सुरू केले : “विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या नोंदी प्रत्यक्ष पाहणीशी जुळल्या नाहीत. त्या अंदाजाने भरलेल्या असाव्यात, असे...” इथे आवाज थांबला. तिने कागद टेबलावर ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत मुलांना नवा खेळ मिळाला. “मयुरीचं थर्मामीटर डोक्यातच हाय!” रोशनी नावाच्या मुलीने तिच्या कपाळाला हात लावला. “सांग वं, आज किती अंश?” अंकिता भांडायला उठली, मयुरी उठली नाही.

आणि आता सोमवार होता. घंटा वाजल्यावर, इतर मुलांबरोबर, मयुरी वर्गात आली. परिपाठ झाल्यावर निकेशने तिला ऑफिसात बोलावले. ती वही घेऊनच आली आणि टेबलाच्या कडेला ठेवून उभी राहिली. पुठ्ठ्याला तिने वर्तमानपत्राचे वेष्टण घातले होते, कोपरे दुमडू नयेत म्हणून वर चिकटपट्टी लावली होती.

“आजची नोंद?” त्याने विचारले.

“कायले घ्याची, सर? पेटी तं थंड होऊनच नाई राह्यली. बायाई माल घरी नेऊन राह्यल्या.” मग ती म्हणाली, “वही ठेवून घ्या. शाळेची हाय.”

“मयुरी, त्या दिवशी...”

“मी सांगतलं असतं मॅडमले,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते. “मी तुमच्याकडेच पाहून राह्यली होती. तुम्ही रेतीत पाहून राह्यले होते.”

ती गेली. निकेशने वही उघडली. एकशे एकोणतीस दिवस. रोज दोन ओळी, चार आकडे. ज्या दिवशी ऊन ढगाने झाकले होते, तिथे कंसात ‘ढग’. ज्या दिवशी अंकिताने पाणी घालायला उशीर केला, तिथे ‘पाणी उशिरा – चूक आमची’. दोन मार्चनंतर आतला आकडा रोज वर सरकत गेला होता : चोवीस, एकोणतीस, चौतीस. आणि दोन मार्चच्या ओळीपुढे, फार लहान अक्षरांत, जणू कुणी वाचू नये म्हणून लिहिले होते : ‘रंग लावला’.

मॅडमच्या बोटाखालून ते पान गेले होते. त्यांना ते दोन शब्द दिसले नव्हते. दाखवणारा शेजारीच वाकून उभा होता.

शाळा सुटल्यावर त्याने मधुकररावांपुढे विषय काढला. वर्षभरात निवृत्त होणारे, गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलेले ते गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“चूक झाली, हे मीही मानतो,” ते म्हणाले. “पण आता कळवून काय साधाल, झाडे सर? पेट्यांचे पैसे तं गेले. अन् तिथंच आपला दुसरा अर्ज पडून हाय. छताचा. तिसरी-चौथीच्या खोलीत पावसाळ्यात पोट्टे छत्री उघडून बसतात, तुम्ही पाहता ना? आम्ही पाहुण्यायसाठी रंगरंगोटी करून प्रयोग बिघडवला, पोरीले गप्प बसवलं, असं तुम्ही लिहून देसान, तं ते लोक म्हणतीन, ही शाळाच दिखाऊ हाय. मंग छत बी गेलं.”

“मयुरीवर खोटेपणाचा शिक्का बसला, सर.”

“पोरगी हुशार हाय. दोन महिन्यांनी नववीले सिंदीच्या शाळेत जाईन. इसरून जाईन.”

मधुकरराव दुष्ट नव्हते, आणि त्यांचे छत खरे होते. निकेश वही घेऊन निघाला. घरी जाऊन जेवण झाल्यावर मोबाईलवर त्याने प्रतिष्ठानाला ई-मेल लिहायला घेतला. चार ओळी झाल्यावर मिटवला. पुन्हा लिहिला, ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ अशी सुरुवात करून. आणि ते शब्द वाचून स्वतःचीच शिसारी येऊन तोही मिटवला.

संध्याकाळी तो भाजीला बाहेर पडला. बाजारात मनकर्णेची जागा ठरलेली होती, गुळाच्या दुकानासमोर. इतर वेळी तो तिथे सवयीने थांबे. आज पाय अडखळले, पण तिनेच पाहिले.

“या सर. पालक घ्या, सकाळचा हाय. सांबार नका घेऊ, उन्हानं गेला.” मग तागडीत पालक टाकता टाकता ती खालच्या आवाजात म्हणाली, “सर, एक इचारू? माह्या पोरीनं खरंच लिहलं होतं का वहीत, का मनानंच?”

“कोण म्हणालं असं?”

“गाव म्हणून राह्यलं. कागद आला म्हणते नागपूरचा. म्या इचारलं तिले, तं बोलूनच नाई राह्यली. तोंड शिवल्यावानी. एवढ्या बायाईनं हिच्या भरोशावर माल ठेवला, अन् हिनं शाळेचं नाव खराब केलं, म्हणून...” तिने तागडी खाली ठेवली. “मारलं म्या तिले सर. कधी नाई मारलं. तरी बोलली नाई.”

बाजार आपल्या गतीने चालला होता. शेजारी कुणी टरबुजाचा भाव ओरडत होते.

“वही खरी आहे, मनकर्णाबाई,” निकेश म्हणाला. “एकूण एक आकडा खरा आहे.”

“मंग कागदात तसं काऊन लिहलं त्याहीनं?”

तिने हे साधेपणाने विचारले, जसे एखाद्या जाणत्याला विचारावे तसे. मुलगी काही बोलत नव्हती, आणि का बोलत नव्हती हे निकेशला या क्षणी लख्ख दिसले. ‘मॅडमसमोर रंगाचं काही काढू नको,’ असे सरांनी सांगितले होते, आणि ‘हो सर’ असे तिने म्हटले होते. मॅडम केव्हाच निघून गेल्या होत्या, निधी गेला होता, आईचा हात उठला होता. तरी मुलगी दिलेला शब्द पाळत होती. तो शब्द परत घेण्याचे त्याला सुचलेच नव्हते.

“माझ्यामुळे,” तो म्हणाला. “पेटीला रंग लावू नका, असं ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही. रंगानं पेटी बंद पडली. अन् मॅडमनं विचारलं तेव्हा बोलू नको, असं मीच तिला सांगितलं होतं.”

 मनकर्णेने पालकाची जुडी पिशवीत टाकली, ठरलेले पैसे घेतले आणि सुटे परत दिले.

“मले सांगून काय फायदा, सर,” ती म्हणाली. “म्या तं मारून बसली.”

मंगळवारी शाळा सुटल्यावर निकेश आठवीच्या रिकाम्या वर्गात बसला. त्याने कोरे कागद घेतले आणि पत्र हाताने लिहिले. ई-मेल मिटवता येतो, हे त्याने कालच दोनदा पाहिले होते. पत्रात त्याने लिहिले, की विटांतून पाणी झिरपून उडून गेले तरच पेटी गार राहते. विटांना तेलरंग लावल्यास ती निकामी होते. मयुरीने हे आधीच सांगितले होते. विज्ञानाचा शिक्षक या नात्याने मलाही ते माहीत होते. रंग कुणी आणला, हे त्याने लिहिले नाही. ‘तो लावू देण्याचा निर्णय माझा, त्यावरील अक्षरे माझी, आणि मुलीस गप्प राहण्यास मी सांगितले,’ एवढे लिहिले. सोबत वहीच्या सर्व पानांच्या प्रती जोडल्या आणि ‘रंग लावला’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ‘निधीचा फेरविचार व्हावा, अशी विनंती करण्याचा मला अधिकार नाही. नोंदी अंदाजाने भरल्या असाव्यात, हे एक वाक्य मात्र आपण मागे घ्यावे आणि तसे मयुरीला तिच्या नावाने कळवावे. शाळेच्या छताचा अर्ज स्वतंत्र आहे. माझ्या वागण्याचे माप कृपया त्या खोलीतील मुलांना लावू नये.’

मधुकररावांनी उभ्यानेच पत्र वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“जावक नंबर नाई देता येत मले यावर,” ते म्हणाले. “शाळेचं पत्र म्हणून नाई जाऊ शकत हे.”

“नको, सर. माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवतो.”

“भैय्याजीचं नाव नाई टाकलं तुम्ही.”

“त्यांनी पंखेसुद्धा दिले आहेत, सर. रंगानं काय होईल, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.”

मधुकररावांनी कागद परत दिला. खिडकीतून ते तिसरी-चौथीच्या खोलीच्या पत्र्यांकडे पाहत राहिले. “मी वाचलं नाई, असं समजा,” शेवटी ते म्हणाले, आणि मग, दाराशी पोचलेल्या निकेशला, “पोरीले सांगतलं का?”

सांगितले होते. सकाळी, परिपाठ संपल्यावर, मुले वर्गात जायला वळण्याआधी, त्याने साऱ्या शाळेसमोर चार वाक्यांत सांगितले होते. रोशनीने मान खाली घातली. धाकट्या मुलांना काही कळले नाही. मयुरी रांगेत ताठ उभी होती. वर्गात गेल्यावर त्याने तिच्याजवळ जाऊन म्हटले, “आता रंगाचं कुणालाही सांगितलं तरी चालेल. आईला सांग.” तिने मान हलवली. तो वही पुढे करून उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, “राहू द्या सर तुमच्यापाशी,” आणि भूगोलाचे पुस्तक उघडले. मागची पाने परत आपलीशी करावीत, असे तिला वाटले नाही. आणि ते वाटायला लावणे त्याच्या हाती उरले नव्हते.

निघताना तो पेटीपाशी थांबला. सनमायकाची फळी त्याने उचलून भिंतीला टेकवून ठेवली. एका विटेवरचा रंग नखाने खरवडून पाहिला. तो निघाला नाही. छिद्रांत पार आत शिरला होता. या विटा आता कामाच्या नव्हत्या. नव्या आणून, पेटी पुन्हा रचून, रेती भरून होईपर्यंत उन्हाळा संपला असता आणि आठवीचा वर्ग पांगला असता.

अडीचला तो सिंदीच्या पोस्टात पोचला. खिडकीपुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे होईस्तोवर तो पाकीट हातात धरून उभा राहिला. मग त्याने ते आत सरकवले.

“रजिस्टर?” खिडकीतल्या माणसाने विचारले.

“हो. पोचपावतीसह.”

“पाठवणाऱ्याचं नाव? शाळेचं टाकू का, झाडे सर?”

“शाळेचं नको,” तो म्हणाला. “माझं टाका. निकेश झाडे, विज्ञान शिक्षक.”

पाकिटावर शिक्का बसला. त्याने पावती घडी करून वहीच्या शेवटच्या पानात ठेवली आणि मोटारसायकल काढली.